बटणामागचे अण्णा

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि पुरेसं छापून झालं आहे. एका चौकाला आहे, एका वाचनालयाला आहे, एका पुरस्कारालाही आहे. आमच्या तांबट आळीत मात्र त्यांना त्या नावानं कोणी ओळखत नसे. आळीसाठी ते बाळाभाऊ, समोरच्या घरातल्या तांबटाचा धाकटा, जो मिसरूड फुटायच्या आत मामाकडे मुंबईला शिकायला गेला आणि तिकडेच मोठा लेखक झाला. त्यांच्या बालपणावरचा एक धडा आम्हाला शाळेत होता. त्यात आमची आळी होती, हातोड्यांचा नाद होता आणि त्या नादावर डोळे मिटणारं एक गोड मूल होतं. धडा वाचताना बाई माझ्याकडे बघून कौतुकानं हसायच्या, आणि मधल्या सुट्टीत मुली विचारायच्या, मंदा, तुलाही तसंच होतं का गं, आवाजाशिवाय झोप येत नाही? मला तर त्या आवाजानं जाग यायची, आणि जाग आली की पाणी भरायला उठावं लागायचं. त्या नादानं माणसं बहिरी होतात, ही एवढी एक गोष्ट धड्यात कुठेच नव्हती. बाळाभाऊ बहिरे व्हायच्या आत निघून गेले होते, त्यांना कशी ठाऊक असणार.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, चाळिशीतच निम्मे बहिरे झाले होते. आळीतले सगळेच पुरुष कमीअधिक तसेच. त्यामुळे आमच्याकडे बोलणं म्हणजे ओरडणंच असायचं. लग्नानंतर सासरी पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, की तू सारखी रागावलेली का असतेस. मी रागावलेली नव्हते, मी फक्त भाजी वाढू का असं विचारत होते. आई तर अण्णांशी निम्मं हातांनीच बोलायची. तळहातावर तळहात थापला की भाकऱ्या टाकते आहे, कपाळाला बोट लावलं की भटजी आलेत, नाक मुरडलं की माझी आत्या आली आहे. जेवायला बहुतेक बाजरीची भाकरी, कांद्याची पात, थंडीत हुलग्याची शेंगोळी, आणि अण्णांच्या ताटात कायम गुळाचा एक मोठा खडा. दिवसभर तांब्याची धूळ नाकातोंडात गेलेली असते, ती गुळानं खाली बसते असं सगळे तांबट मानत. घरात चिंचेच्या दोन बरण्या असायच्या, एक आमटीची आणि एक भांडी उजळायची. दुसऱ्या बरणीतली चिंच काळीकुट्ट, बियांसकट, आणि आईची बोटं तिच्यात इतकी वर्षं भिजलेली की तिच्या हातच्या पुरणपोळीलाही मला एक आंबट वास यायचा. आता ती नाही, तर कुठे तांब्याचं भांडं घासताना तो वास आला की मी ते भांडं पुन्हा एकदा घासायला घेते.

अण्णा काम करत ते आमच्या घरात नव्हे, समोर, बाळाभाऊंच्या घरात. त्यांचं बिऱ्हाड मुंबईला हललं तेव्हा त्यांच्या वडिलांनी माझ्या आजोबांना सांगितलं होतं, बंद घराला वाळवी लागते, खालच्या खोलीत तू बसत जा. आजोबा बसले, मग अण्णा बसले. कागद नाही, पत्र नाही, सगळं तोंडी. ती रस्त्याकडची खोली होती, मोठ्या खिडकीची. अण्णा जमिनीवर गोणपाटाच्या गादीवर बसायचे, एका पायानं घागर दाबून धरायचे, घागरीच्या पोटात लोखंडी खुंटा आणि वरून हातोडा. वर्षानुवर्षं बसून तिथली फरशी त्यांच्या बैठकीसारखी घासली होती. त्या खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्याला काम दिसायचं. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, आलेले यात्रेकरू थांबायचे, हात लावून बघायचे, तीर्थ न्यायला एखादी गंगाजळी घेऊन जायचे. तांबटाची दुकानदारी म्हणजे ही खिडकीच. घर कोणाचं का असेना, ती जागा अण्णांची होती, आणि अण्णा म्हणजे ती जागा होती, निदान मी तरी त्यांना दुसरीकडे कुठे बसलेलं पाहिलं नव्हतं.

धंद्याची एक पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. भांडीबाजारातल्या व्यापाऱ्याला काही नवं करून हवं असलं, वेगळ्या घाटाचा तांब्या, वेगळं घंगाळ, तर तांबट त्याला आधी एक नग घडवून द्यायचा. नमुना. तो व्यापारी आपल्या दुकानात समोर मांडायचा. गिऱ्हाईक बघायचं, व्यापारी बघायचा, महिना जायचा, चार महिने जायचे. काम द्यायचं नसेल तर नमुना परत यायचा. आणि जोवर तो दुकानात मांडलेला आहे तोवर काम त्याच तांबटाचं, दुसऱ्या कोणी त्याला हात लावायचा नाही आणि तांबटानंही विचारायला जायचं नाही. नमुना दिलेला असताना तगादा लावणं म्हणजे हलकेपणा. अण्णा याबाबतीत फार ताठ होते. एका व्यापाऱ्यानं त्यांचा नमुना दीड वर्ष मांडून ठेवला होता, तरी अण्णा त्याच्या दुकानावरून मान वळवून जायचे, आणि शेवटी काम आलंच. ते उदाहरण आम्हाला उठताबसता ऐकवलं जाई.

बाळाभाऊ आळीत परत आले ते एकदाच, मी शाळेत असताना, सत्कारासाठी. पांढरंशुभ्र धोतर, दोन बाजूंनी धरायला दोन माणसं. त्यांनी भाषण केलं की जगात कुठेही गेलो तरी हा नाद माझ्या कानात असतो. भाषण नीट ऐकू यावं म्हणून संयोजकांनी सगळ्यांना हातोडे बंद ठेवायला लावले होते. अण्णांच्या खिडकीपाशी येऊन त्यांनी अण्णांच्या पाठीवरून हात फिरवला, आणि अण्णा आठ दिवस त्याच आनंदात होते. आईनं विचारलं, काही बोलले का? अण्णा म्हणाले, बोलले असतील, ऐकू कुठे येतंय.

बाळाभाऊ गेले तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. पेपरात पहिल्या पानावर फोटो आला, आणि वर्ष उलटायच्या आत स्मारक समिती झाली. समितीचे चिटणीस एक निवृत्त प्राध्यापक होते, सगळे त्यांना सर म्हणत, मीही तेच म्हणते. माणूस वाईट नव्हता, आणि हे लिहिताना माझ्या जिवावर येतं. गोड बोलायचे, आईला वहिनी म्हणायचे, आमच्याकडचा चहा बशीत ओतून प्यायचे. बाळाभाऊंच्या मुलांनी घर समितीला दिलं होतं. जसं होतं तसं उभं करायचं, म्हणजे बाळाभाऊ लहान असताना जसं होतं तसं, असं सरांनी अण्णांच्या कानाशी ओरडून सांगितलं. तुमच्याशिवाय हे घर पुरं कसं होणार, असंही म्हणाले. ते वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. अण्णांनी ते ओठांवरून वाचलं, आणि अर्थ असा लावला की घराची डागडुजी झाली की आपण पुन्हा आपल्या जागेवर. कोणीही तोच अर्थ लावला असता. घरात जुनं ते सगळं ठेवायचं, तर त्या घरात अण्णांहून जुनं दुसरं होतंच काय?

मग एका दुपारी सर एका माणसाला घेऊन आले. त्याच्याकडे मोठा टेपरेकॉर्डर होता, कानावर घालायची चकती होती, आणि लांब दांडीचा माईक. अण्णा, थोडं वाजवून दाखवा, टेपवर घेऊ, असं सरांनी खुणा करून सांगितलं. जेवणानंतरची वेळ होती, आळी कलंडलेली होती. अण्णांनी स्वच्छ सदरा घातला, टोपी घातली, जसं काही फोटोच काढायचा आहे. नवी घागर पायाखाली घेतली आणि हातोडा उचलला. खरं सांगते, मी ते काम लहानपणापासून पाहत आले होते, पण त्या दिवशी अण्णांनी जे वाजवलं तसं मी कधी ऐकलं नव्हतं. तोंडापासून बुडापर्यंत पूर्ण घागर त्यांनी ठोकून काढली, मध्ये एकदाही थांबले नाहीत. टेपवाला दोनदा म्हणाला, पुरे, झालं. अण्णांना ते ऐकू गेलं नाही, आणि सरांनी त्याला हात करून गप्प केलं. घागर पुरी झाल्यावर अण्णांनी घाम पुसला आणि मला जवळ बोलावून हळूच, म्हणजे त्यांच्या मानानं हळू, विचारलं की पसंत पडलं का. मी म्हटलं, पडलं. ते समाधानानं हसले. नमुना दिला गेला होता.

आई उंबऱ्यात उभी राहून हे सगळं बघत होती. माणसं गेल्यावर ती म्हणाली, "आवाज देऊन बसलात. आता जागा तरी मागून घ्या." अण्णांनी कपाळाला आठ्या घातल्या. नमुना दिल्यावर मागायचं असतं का, हा त्यांचा सवाल होता. आईला धंद्यातलं कळत नाही, असं ते नेहमी म्हणत. तेव्हाही म्हणाले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या हातानं खोली रिकामी केली. खुंटा उपटला, गादी उचलली, भट्टी मोडली. कोणी ढकललं नाही, कोणी नोटीस दिली नाही. डागडुजीपुरतं म्हणून आमच्या घराच्या बोळात त्यांनी तात्पुरतं बस्तान मांडलं. बोळात दिवसाही दिवा लागायचा, आणि रस्त्यावरून कोणाला काही दिसायचं नाही. डागडुजी दोन वर्षं चालली. या दोन वर्षांत अण्णा रोज सकाळी समोर जाऊन गवंड्यांना सांगून यायचे की खिडकीखालची फरशी हलवू नका. गवंड्यांनी ती हलवली नाही, हे त्यांचे उपकार.

उद्घाटनाला मंडप होता, मंत्री होते, केळीचे खांब होते. आई आली नाही, डोकं दुखतं म्हणाली. अण्णांना शाल आणि श्रीफळ मिळालं, आळीतले ज्येष्ठ कारागीर म्हणून. मग फीत कापली आणि सगळे आत गेले, मी अण्णांचा हात धरून मागून. खालच्या खोलीत काचेची भिंत उभी केली होती. काचेपलीकडे, खिडकीखाली, त्या घासलेल्या फरशीवर, प्लॅस्टरचा एक तांबट बसवला होता. मिशा होत्या, मुंडासं होतं, गुलाबी अंग होतं, हातात उगारलेला हातोडा होता. काचेवर एक बटण होतं. मंत्र्यांनी ते दाबलं आणि माझ्या वडिलांचा हातोडा त्या पुतळ्याच्या अंगातून वाजायला लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांना टाळ्या दिसल्या म्हणून त्यांनीही वाजवल्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबाला निदान जीव असतो. मी घरी येऊन आईला सांगितलं, आणि आई इतकंच म्हणाली की ती शाल इकडे दे. त्या शालीवर तिनं त्या वर्षी उडदाचे पापड वाळत घातले, आणि पुढे दर वर्षी घातले.

मला वाटलं होतं, आता तरी अण्णांना कळेल. त्यांना जे कळलं ते वेगळंच होतं. काही महिन्यांनी, एका भर दुपारी, ते मला म्हणाले की चल, समोर बघून येऊ. धुतलेली टोपी घातली. एवढं वीस पावलांवरचं घर, पण ते पाहुण्यासारखे पायरीवर चपला काढून, ओळीत लावून आत गेले. दारावर शोभा नावाची मुलगी नव्यानं कामाला लागली होती, मखमलाबादहून यायची. तिला आम्ही कोण हे ठाऊक नव्हतं. तिला शिकवलेलं सगळं तिनं आम्हाला नीट सांगितलं, हा लेखकांचा पाळणा, ही त्यांच्या आईची उतरंड, ही त्यांची पाटी. पाळणा भांडीबाजारातल्या एका मोडीवाल्याकडून आणलेला होता, आम्हीच तो हातगाडीवरून उतरताना पाहिला होता, पण ते जाऊ दे. खालच्या खोलीत आल्यावर ती म्हणाली की हा त्या काळचा तांबट. त्या काळचा तांबट माझ्या शेजारी टोपी हातात घेऊन उभा होता. मग तिनं बटण दाबलं.

अण्णा काचेला हात टेकवून बघत राहिले. थोड्या वेळानं त्यांनी मला विचारलं, "लागलं का?"

मी मान हलवली.

"कसं येतंय?"

"छान येतंय," मी त्यांच्या कानाशी ओरडले. शोभा दचकली.

अण्णांनी तळहात काचेवर तसाच ठेवला. काच थोडी थरथरत होती, तेवढं त्यांना लागत असावं. मग ते म्हणाले, "अजून मांडून ठेवलाय. म्हणजे काम आपलंच आहे. बोलावतील."

त्यांच्या डोक्यात तो पुतळा आणि तो आवाज हा सगळा एक नमुना होता, दुकानात मांडलेला. जोवर परत केला नाही तोवर काम त्यांचं होतं. परत कसा करणार, आणि का करणार, तो तर शाळेच्या सहलींना फार आवडत होता. आम्ही निघताना शोभानं अभिप्रायाची वही पुढे केली. अण्णांनी सही केली, आणि पुढे लिहिलं, उत्तम.

मी सरांकडे गेले होते, एकदा नव्हे, पुष्कळदा. अण्णांना न सांगता, कारण त्यांच्या लेखी तो हलकेपणा ठरला असता. सर दर वेळी चहा मागवायचे. दिवसातून दोन तास अण्णांना त्या खिडकीत बसू द्या, पगार नको, फक्त बसू द्या, एवढंच माझं मागणं होतं. सर म्हणाले की कल्पना सुंदर आहे, समितीपुढे ठेवतो. पुढच्या वेळी म्हणाले, भट्टी आली की धूर आला, वस्तू खराब होतात. त्याच्या पुढच्या वेळी म्हणाले, काय आहे मंदा, आवाज फार होतो, पाहुण्यांना टेप ऐकू येत नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते चेष्टा करत नव्हते. त्याच सुमारास आळीतल्या उरलेल्या दोन-तीन कारखानदारांनाही त्यांनी विनंती केली होती, की सहली यायच्या वेळी जरा हात आवरता घ्या.

खोटं कशाला बोलू, आळी काही स्मारकानं बंद पडली नाही. स्टील आलं, प्लॅस्टिकच्या बादल्या आल्या, घरोघर गिझर आले आणि बंब मोडीत निघाले. हातानं ठोकलेली घागर लग्नात रुखवतापुरती उरली. एकेकानं हातोडा ठेवला, कोणी सातपूरला कंपनीत गेला, कोणी पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकिंगला. अण्णाही शेवटी अंबडच्या एका कारखान्यात जाऊ लागले. तिथे घागरी यंत्रातून निघायच्या, गुळगुळीत. गिऱ्हाइकाला हातच्या वाटाव्यात म्हणून त्यांच्यावर वरवर ठोके मारायचे, एवढंच त्यांना काम. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. ते रोज डबा घेऊन बसनं जायचे, बसनं यायचे, आणि आल्यावर हात धुवायच्या आधी समोरच्या खिडकीकडे बघायचे. आई चिडायची. मीही चिडायचे. माझं लग्न झालं, मी नाशिकरोडला राहायला गेले, तरी फोनवर त्यांचा निरोप एकच असायचा, आईच्या तोंडून, की समोरच्यांनी नमुना अजून परत केला नाही.

मला पुष्कळदा विचारतात, अजूनही, की तुझ्या वडिलांचा आवाज तिथे कायमचा राहिला, अभिमान नाही का वाटत. विचारणारे चांगले लोक असतात. मी म्हणते, वाटतो. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत होते.

अण्णा गेले ते घरीच, सकाळी, दूध येण्याच्या सुमाराला. दम्यानं शेवटचे काही महिने ते झोपूनच होते, आणि मी आठवडाभर आधीच आईकडे आले होते. आळीत आता तांबट म्हणावी अशी चार-सहा म्हातारी माणसं राहिली होती, ती सगळी जमली. चुलत्यांचा मुलगा आला, तिरडी बांधायला सुरुवात झाली. आमच्या आळीची एक रीत होती. कोणी गेलं की सगळे हातोडे बंद. प्रेत उचलून, माणसं गंगेवर अंघोळ करून परत येईपर्यंत कोणी हातोड्याला हात लावायचा नाही, मग गेलेला माणूस सख्खा असो की भांडणातला भाऊबंद असो. कारण असं, की तांबटाचा जीव कामात असतो. कामाचा आवाज कानावर पडला तर त्याला वाटतं आपल्यालाच बोलावतायत, आणि त्याचा पाय निघत नाही.

हातोडे बंद ठेवायला आळीत हातोडाच उरला नव्हता. आम्ही अण्णांना अंघोळ घालून बाहेर ओट्यावर आणलं, आणि समोरून ठोके सुरू झाले. मालेगावकडच्या कुठल्याशा शाळेची सहल आली होती. आईनं मान वर केली. ती तोवर रडली नव्हती, आत्या तिला धरून बसली होती. ती मला म्हणाली, "जा. त्यांना सांग, आजच्या दिवस बंद ठेवा."

मी तशीच गेले, केस मोकळे, पायात काही नाही. स्मारकात मुलं दाटीवाटीनं उभी होती आणि आळीपाळीनं बटण दाबत होती. एकाचं दाबून झालं की दुसरा. शोभाला मी बाजूला घेतलं आणि सांगितलं. तिला इतक्या वर्षांत ठाऊकच नव्हतं की हा हातोडा कोणाचा आहे. समोरच्या घरातले ते म्हातारे, एवढंच तिला माहीत. तिचं तोंड उतरलं. ती म्हणाली, ताई, मी काढली असती टेपची पिन, पण मला सरांना विचारावं लागेल. तिनं टेबलावरच्या फोनवरून सरांना लावला आणि माझ्या हातात दिला.

सर खूप हळहळले. अण्णांसारखा माणूस होणे नाही म्हणाले. मी म्हटलं, सर, बंद करायला सांगा, आमच्यात रीत आहे. ते म्हणाले, "मंदा, मुलं किती लांबून आलीत. आणि खरं सांगू का, त्यांचा हातोडा आज चालू राहणं हीच त्यांना खरी श्रद्धांजली आहे."

मी फोन ठेवला. शोभा माझ्याकडे बघत होती. मुलांच्या मागे भिंतीजवळ पिन होती, माझ्या हाताच्या अंतरावर नव्हती, मध्ये तीस-चाळीस मुलं होती आणि त्यांचे मास्तर होते. मास्तर मला म्हणाले की बाई, रांगेत या. मी बाहेर पडले.

तोवर तिरडी उचलली होती. चुलतभावानं पुढे मडकं धरलं होतं. खांदा द्यायला आळीतले तेच चार म्हातारे होते, ज्यांनी अण्णांबरोबर आयुष्यभर हातोडा धरला. स्मारकाच्या दारावरूनच रस्ता होता. खिडकी उघडी होती आणि आतून अण्णांचा हातोडा स्वच्छ ऐकू येत होता, तोंडापासून बुडापर्यंत, कुठेही न थांबता. त्या चौघांपैकी एकाचंही पाऊल अडखळलं नाही. त्यांना ऐकू येत नव्हतं. मास्तरांनी तिरडी पाहिली, मुलांना दारात रांगेनं उभं केलं आणि हात जोडायला लावले. आत कोणीतरी पुन्हा बटण दाबलं.

बायकांनी ओट्यावरच थांबायचं असतं. आई थांबली नाही. आत्याचा हात सोडवून ती रस्त्याच्या मधोमध आली, तिरडी वळणाला पोचली होती. माझ्या आईला हळू बोलता येत नसे, ती उभा जन्म अण्णांशी ओरडूनच बोलली होती, आणि तशीच ती तेव्हा बोलली. अख्ख्या आळीनं ऐकलं, मुलांनी ऐकलं.

"जावा हो तुम्ही. मागं बघू नका. ते काम आपलं नाही."